बंगालवर आमची शेवटची स्वारी

ऋताचे पाय जमिनीला लागले आणि आमच्या घरावर आभाळ कोसळलं.

एरवी माणसाचे पाय जमिनीला लागलेले बरे असतात. पण ऋता तेव्हा घोड्यावर बसली होती. घोडा कसला, तट्टू. त्याचं नाव खंडू. खिदिरपूरच्या गोदीमागे एक जुनं रायडिंग स्कूल होतं, तिथल्या तबेल्यात तो राहायचा आणि आमची नात दर रविवारी त्याच्यावर बसायची. त्या रविवारी तिनं रिकिबीतून पाय काढले, सरळ खाली सोडले आणि दोन्ही बूट गवताला टेकले. खंडू मधल्यामध्ये उभा. लांबून पाहणाऱ्याला सहा पायांचं एखादं नवंच जनावर वाटलं असतं.

"आजोबा," ती म्हणाली, "मी याच्यावर बसलेय की याला घातलंय?"

मी हसलो. हे माझं त्या महिन्यातलं शेवटचं हसू.

कारण त्याच आठवड्यात स्कूलच्या मालकानं तबेला बंद करत असल्याचं सांगितलं. ज्यानं त्यानं आपापलं जनावर घेऊन जावं. आणि तो हे सांगत असतानाच कुठूनसा एक बग्गीवाला उगवला. त्यानं खंडूचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शादी की गाडी में लगा देंगे बाबू, पहली तारीख को ले जाऊँगा." बग्गी म्हणजे ती हो, नखशिखांत दिवे लावलेली, पुढे बँड, मागे जनरेटर. खंडूनं माझ्याकडे पाहिलं. घोड्यांना हिंदी कळत नाही म्हणतात. या घोड्याला कळलं.

ऋता रडली नाही. ती रडली असती तर परवडलं असतं. तिनं माझा हात उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "खंडू मुलांचा घोडा आहे. तो मुलांकडेच जाणार. म्हणा."

मी म्हटलं. नातीच्या डोक्यावर हात ठेवून माणूस काय वाटेल ते म्हणतो.

आता इथे माझी ओळख करून द्यायला हवी. मी श्रीकांत वैशंपायन. कलकत्त्याच्या कस्टम खात्यात उभी हयात गेली, आता मुलाकडे डमडमला असतो. बंगाली माणूस माझं आडनाव मुळीच अडखळत नाही. फक्त त्याच्या तोंडात त्याचं 'बोइशोम्पायोन' होतं आणि त्याला वाटतं, या माणसाला महाभारत पाठ असणार. मला गोष्टी सांगायची थोडी सवय आहे हे खरं. खिदिरपूरच्या गोदीत एका बोटीवरून कागदपत्रांशिवाय उतरलेला जिराफ मी तीन दिवस कस्टमच्या ऑफिसात ठेवून घेतला होता आणि तो वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या खिडकीतून त्यांच्या फायली खायचा, ही हकीकत मी अनेकांना सांगितली आहे. काहींना ती पटलेलीही आहे.

तर जाहिरात. ती लिहायला आमच्या सौ. प्रेमलता बसल्या. हिनं महाराष्ट्र मंडळातली निम्मी लग्नं जुळवली आहेत, त्यामुळे हिच्या हातून लिहिलं गेलं ते असं: 'घरंदाज, शांत, वर्णानं बदामी...'

"अगं, घोडा आहे तो."

"म्हणून काय झालं? लोक आधी रंगच बघतात."

शेवटी ऋतानं पेन ओढून घेतलं. 'उत्तम शिकवलेलं अष्टपैलू तट्टू विकणे आहे. लहान मुलांच्या स्वारीस योग्य. चाल, दुडकी, छोट्या उड्या, मिरवणूक आणि पायऱ्या चढणे उत्तम जमते. चावत नाही, लाथ मारत नाही. बग्गीवाल्यांनी चौकशी करू नये.' हे इंग्रजीत आणि बंगालीत तिनं कुठल्या कुठल्या ग्रुपवर टाकलं. तिचं मराठी जरा डोलतं, पण बंगाली असं की मासळीवाला तिला हिशेबात फसवायला धजत नाही.

आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत खंडूला डमडमला, आमच्या सोसायटीत आणावं, असं ठरलं. कोणी ठरवलं ते आठवत नाही, पण पुढे सगळ्यांचं एकमत झालं की मीच ठरवलं.

फाटकावरच्या रखवालदारानं पहिला प्रश्न टाकला, "टू-व्हीलर की फोर-व्हीलर?" त्याच्या वहीत तिसरा रकाना नव्हता. पाय मोजून त्यानं 'फोर' लिहिलं आणि पार्किंगचं स्टिकर लावायला काच शोधू लागला. सोसायटीचे सेक्रेटरी चाकलादारबाबू यांनी पाळीव प्राण्यांचे नियम काढले. त्यात कुत्रा होता, मांजर होतं, पिंजऱ्यातले पक्षी होते आणि मासे होते. घोडा नव्हता. मी म्हटलं, मनाई कुठे आहे? ते म्हणाले, परवानगी कुठे आहे? मग मला नगरपालिकेत पाठवलं. तिथे एका खिडकीवर सांगितलं की गाय असती तर आमच्याकडे आली असती. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की घोडा हे वाहन आहे. तिसऱ्या खिडकीवरच्या गृहस्थानं मान वर न करता "काल आशुन" म्हटलं. उद्या या. मला त्या माणसाची कीव आली. आमच्या खात्यात 'उद्या या' असं म्हणायचे की समोरच्याला उद्याचाच नव्हे तर पुनर्जन्माचाही भरवसा उरायचा नाही. याच्या 'उद्या'त दमच नव्हता.

शेवटी तात्पुरती सोय म्हणून खंडू जिन्याखाली, सायकलींच्या शेजारी उभा राहिला. आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. आमच्या खालच्या मजल्यावरचे मित्रबाबू सगळ्यांत आधी आले. चहाचा कप हातात घेऊनच आले, म्हणजे बराच वेळ थांबणार होते.

"बोइशोम्पायोनबाबू, तुम्ही मराठी?"

"हो."

"आणि हा घोडा?"

"हो."

"आणि तो तुम्ही बंगाल्याला विकणार?" मित्रबाबूंनी कप खाली ठेवला. "मोशाय, पावणेतीनशे वर्षं झाली, पण आमच्या आया अजून पोरांना तुमच्याच नावानं झोपवतात!"

हे मात्र खोटं नाही. नागपूरकर भोसल्यांचे स्वार चौथाई वसूल करायला या मुलखात उतरले होते. त्यांना इथे बर्गी म्हणतात. बर्ग्यांच्या धास्तीनं त्या वेळी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता. आपल्याकडे पोरांना बागुलबुवा येतो, इथे बर्गी येतो. बागुलबुवाचं बरं असतं. त्याला आडनाव नसतं, तो सोसायटीच्या मीटिंगला येत नाही.

"घोड्यावरचा मराठा पाहिला की बंगाली माणूस दार लावून घेतो," मित्रबाबू म्हणाले. "तुम्ही आपले पंजाब्यांना विका."

मी त्यांना काही खरमरीत उत्तर देणार होतो. पण तेवढ्यात दिवेलागण झाली.

मित्रबाबूंच्या घरातून शंख वाजला. बौदी, म्हणजे त्यांच्या पत्नी, रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून शंख फुंकतात. इथे घराघरात फुंकतात. खंडूनं कान टवकारले. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं त्यानं दावं ओढलं. ते सुटलं, कारण मी बांधलं होतं. एखादे वयस्कर भटजी जिना चढतात तसा तो एकेक पायरी चढत मित्रबाबूंच्या घरात शिरला. बौदींची किंकाळी आली. पाठोपाठ भांडं पडलं. मित्रबाबू कप घेऊन जिन्याकडे धावले. मी सायकलींमागे लपलो नाही, माझी चप्पल तिकडे गेली होती ती शोधत होतो.

खंडू परत आला तेव्हा त्याच्या मिशीला बत्तासा लागला होता.

आता यात त्याचा काय दोष? आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपली की माझा मुलगा क्षितिज शंख फुंकतो, आणि शंख झाला की प्रसाद. ऋतानं खंडूला मोठ्या कष्टानं शिकवलं होतं. शंख ऐकला की बाहेर उभ्या खंडूनं संथ पावलांनी हॉलच्या पायऱ्या चढून आत यायचं, मूर्तीपुढे मान झुकवायची, मग त्याला पेढा. लोक डोळे पुसायचे. एका बाईंनी त्याला वाकून नमस्कार केला होता. खिदिरपूरच्या तबेल्यात फक्त बोटींचे भोंगे ऐकू यायचे, त्यामुळे वर्षभर अडचण नव्हती. पण ज्या शहरात रोज संध्याकाळी लाखभर शंख वाजतात तिथे आपण घोड्याला शंखावर शिकवतोय, हे मंडळातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. आमचं मंडळ म्हणजे कलकत्त्यात ठेवलेली पुण्याची बरणी. झाकण घट्ट. बाहेरचा आवाज आत येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दत्तबाबूंकडे गेला. तिसऱ्या दिवशी चाकलादारबाबूंकडे, आणि तिथे सत्यनारायण होता.

चाकलादारबाबू स्वतः आले. आवाज शांत, पण भुवईला शिन्नीचा थेंब. शिन्नी म्हणजे तो दूध-कणकेचा प्रसाद. "रविवार संध्याकाळपर्यंत घोडा हलवा," ते म्हणाले. रविवारी महिनाअखेर होती. सोमवारी पहिली तारीख. सोमवारी बग्गीवाला.

इकडे गिऱ्हाइकं येत होती. न्यू टाउनहून एक तरुण आला. कंपन्यांचे फॅमिली-डे करायचा. त्याला खंडू पसंत पडला, फक्त रंग गुलाबी हवा होता आणि कपाळावर एक शिंग. "कायमचं चिकटवता येईल ना?" त्यानं विचारलं.

"आधी तुम्हाला लावून बघू का?" ऋता म्हणाली.

तो गेला. मग एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलानं खंडूला समोरून, बाजूनं, खालून पाहिलं आणि "याला अपडेट्स येतात का?" असं विचारलं. तोही गेला. एका सद्गृहस्थांनी तर फोनवरच खंडूची जन्मवेळ मागितली. प्रेमलताला ते स्थळ मनापासून आवडलं होतं.

शनिवारी फोन आला तो राजारहाटच्या अनिर्बाण सिन्हा यांचा. न्यू टाउनच्या पलीकडे त्यांची फुलझाडांची नर्सरी, तिथेच नवं घर, मोकळी जागा. सात वर्षांची मुलगी आहे, नूपुर. परक्यांशी बोलत नाही. शाळेतही बोलत नाही. डॉक्टरांनी एखादं जनावर पाळा म्हटलंय. "कुत्र्याला ती घाबरते. घोड्याचा फोटो मात्र दिवसभर बघत बसलीय."

ऋतानं फोनवर हात ठेवला. "आजोबा, हेच घर." मग लगेच, "आणि शंखाचं सांगायचं."

"सांगू की. योग्य वेळी."

"योग्य वेळ म्हणजे कधी?"

"टेम्पो परत निघाल्यावर."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला कस्टममधले सगळे स्मगलर आठवले. तेही माझ्याकडे असंच बघायचे. पण मी हिशेब मांडला होता. रविवारी दुपारी पोहोचायचं, ऊन असतानाच निघायचं. शिवाय खंडूच्या दोन्ही कानांत कापूस. आणि छाप पडावी म्हणून शिवजयंतीच्या मिरवणुकीचे आमचे फेटे. भगवे, तुरेवाले.

"फेटे नकोत," मित्रबाबू गॅलरीतून ओरडले, "मोशाय, मी इतिहासाच्या बाजूनं सांगतोय!"

मी इतिहासाकडे दुर्लक्ष केलं. भाड्याचा छोटा टेम्पो आणला होता, त्याला इथे 'छोटा हाथी' म्हणतात. हत्तीत घोडा, घोड्याच्या दोन बाजूंना दोन फेटे, अशी आमची स्वारी व्हीआयपी रोडनं निघाली. एका चौकात हवालदारानं अडवलं. मी परवाने, दाखले, पशुवैद्याची चिठ्ठी असा सगळा तोफखाना काढला. त्यानं तो बघितलासुद्धा नाही. "शूटिंग?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं खंडूबरोबर फोटो काढून घेतला आणि मला म्हणाला, "तुम्ही व्हिलन का?"

सिन्हांचं घर खरंच छान होतं. झेंडूचे, गुलाबांचे वाफे, पुढे हिरवळ, दोन पायऱ्या, व्हरांडा. नूपुर बापाच्या मागे लपली होती. तिचा एकच डोळा दिसत होता आणि तो खंडूवर होता. अनिर्बाणची आई निहारकणादेवी आत झोपल्या होत्या. दुपारची झोप मोडलेली त्यांना खपत नाही, असं अनिर्बाण कुजबुजला. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. आता निवृत्त. हे ऐकून मी उगाच फेट्याला हात लावला.

ऋतानं खंडूला हिरवळीवर फिरवलं. चाल दाखवली, दुडकी दाखवली, कुंड्यांवरून छोटी उडी दाखवली. मग नूपुरपाशी जाऊन गवतात बसली. "लगेच नाही बसायचं हं," ती बंगालीत म्हणाली. "आधी त्याच्या कानात आपलं एक गुपित सांगायचं. तो कुणाला सांगत नाही."

नूपुर आली. तिनं खंडूचा कान दोन हातांत धरला, आत पाहिलं आणि तिला तिथे कापूस दिसला. तिनं तो काढला. शहाणं पोर, तिनं दुसऱ्या कानातलाही काढला. मग बराच वेळ ती त्याच्या कानात काहीतरी बोलत होती. अनिर्बाण पाठ फिरवून गुलाबाकडे बघत राहिला. पुरुषमाणसाला डोळे पुसायला झाडं फार उपयोगी पडतात.

हे कापसाचं मी पाहिलं नाही. मी व्हरांड्यात लुच्या, म्हणजे इथल्या मैद्याच्या पुऱ्या, खात होतो.

आता बंगाली आदरातिथ्याबद्दल तुम्हाला काय सांगू? लुची झाली की आलूर दम, मग मिष्टी, मग चहा, आणि 'निघतो' म्हटलं की अपमान. अनिर्बाणनं विचारलं, "तुम्ही खिदिरपूरला होता म्हणे? काय काय पाहिलं असेल!" आता असा प्रश्न मला कुणी विचारल्यावर मी काय करणार? मी जिराफ काढला.

जिराफ चांगला रंगला. साहेबांच्या फायली खाऊन झाल्या, चौकशी समिती बसली, समितीच्या अध्यक्षांच्या टोपीतलं गवत जिराफानं खाल्लं. मधूनमधून ऋता हिरवळीवरून हातवारे करत होती. मला वाटलं, तिलाही गोष्ट आवडतेय. नूपुर एव्हाना खंडूवर बसली होती, डोक्यावर हेल्मेट, त्यावर ऋताचा फेटा, आणि खंडू तिला झेंडूच्या वाफ्याभोवती अशा मापात फिरवत होता, जणू तिच्या जागी दह्याचं मडकं बसवलंय. सौदा झाल्यातच जमा होता. जिराफाची बदली दिल्लीला झाली, आणि मी आकाशाकडे पाहिलं.

आकाश जांभळं होतं.

मी उठलो. तेवढ्यात घरात, व्हरांड्याच्या पलीकडच्या देवघरात, निहारकणादेवींनी शंख तोंडाला लावला.

काय शंख फुंकला त्या बाईंनी! उभ्या जन्मात शाळेतली पोरं आवाजावर गप्प केलेली छाती ती. खंडू थांबला. कान उभे. मग त्यानं तोंड घराकडे वळवलं आणि पाठीवरच्या नूपुरसकट संथ, धीरगंभीर पावलं टाकत निघाला.

"थांबव त्याला!" मी ओरडलो.

"थांबायचं शिकवलंच नाहीये!" ऋता ओरडली. ती नूपुरला एका हातानं धरून खंडूच्या बरोबरीनं चालत होती.

मी धावत जाऊन लगाम पकडला. तट्टू लहान असतं असं जे म्हणतात ते बघायला लहान असतं. ओढायला ते आगबोटीएवढं असतं. मी व्हरांड्यातून घसरत गेलो. माझा फेटा दाराच्या कडीत अडकला आणि मी पुढे, फेटा मागे, असा उलगडत उलगडत देवघरात पोहोचलो. अनिर्बाण फेट्याचं दुसरं टोक धरून आमच्यामागे. का धरलं होतं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

देवघरात समया लागल्या होत्या. पांढऱ्या साडीतल्या निहारकणादेवी हातात शंख घेऊन वळल्या. त्यांच्यासमोर दारातून आत आलेला घोडा. घोड्यावर भगवा फेटा. घोड्याच्या पायाशी एक म्हातारा मराठा. खंडूनं देवापुढे मान झुकवली, अगदी शिकवल्याबरहुकूम, आणि नैवेद्याच्या ताटात तोंड घातलं. छेन्याचे संदेश गेले. नारळाचे लाडू गेले. केळी सालासकट गेली. शेवटी त्यानं देवाच्या गळ्यातल्या झेंडूच्या माळेचा वास घेतला आणि ती मात्र सोडून दिली. तेवढी सभ्यता आहे त्याला.

निहारकणादेवींनी माझ्याकडे पाहिलं. "कोण तुम्ही?"

माझी मातृभाषा शब्दांनी गच्च भरलेली. हिंदी येते, इंग्रजी येतं, बंगालीही येतं. पण त्या क्षणी माझ्या तोंडून नेमका एकच शब्द निघाला.

"मराठी."

बाईंनी शंख ढालीसारखा पुढे धरला. आणि मग वरून, घोड्यावरून, एक बारीक, खणखणीत आवाज आला, "ठाम्मा! आमी बोर्गी!"

आजी, मी बर्गी! नूपुर बोलली होती. चारचौघांत, परक्या माणसांसमोर. अनिर्बाणच्या हातून फेटा सुटला.

निहारकणादेवी हळूहळू पाटावर बसल्या. त्यांनी रिकामं ताट उचललं, तिरकं करून पाहिलं. "बर्गी चौथाई घ्यायचे," त्या म्हणाल्या. इतिहासाच्या बाईंचा आवाज. "चारातला एक भाग. यानं सगळं नेलं. हे बर्ग्यांच्या कायद्यातही बसत नाही."

मी माफीचं भाषण जुळवत होतो. पण ऋता पुढे झाली. "ठाकुमा, चूक त्याची नाही. मीच शिकवलंय. शंख वाजला की तो येतो. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." इथे तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण ते न पाहणं मला पाठीत लागलं. "तो रोज येणार. नको असेल तर आम्ही त्याला घेऊन जातो. पण तो खूप चांगला आहे." उद्या सकाळी दिव्यांची बग्गी येणार होती, ते तिनं सांगितलं नाही.

"रोज येणार?" म्हातारीनं विचारलं.

"रोज."

"पावसात?"

"हो."

"माझा मुलगा याच घरात राहतो," निहारकणादेवी म्हणाल्या. "शंख ऐकून एकदाही आला नाही. नातीला रोज हाका मारते, ती येत नाही. आज आली. घोड्यावरून आली, पण आली." अनिर्बाण एकदम समईची वात पुढे सारू लागला. "घोडा राहील."

मी सुटकेचा श्वास अर्धा सोडला होता.

"पण तह केल्याशिवाय बर्ग्यांना या घरातून सोडणार नाही. तीन हिस्से आमचे. चौथा हिस्सा या शिकवणाऱ्या मुलीचा. चौथाई वसूल करायला बर्ग्यांना यावं लागतं. दर रविवारी."

ऋतानं खंडूच्या मानेत तोंड खुपसलं. तेव्हा मात्र ती रडली. आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कस्टमचा माणूस. मालाची वाटणी म्हटलं की जीभ वळवळते. "चौथा हिस्सा म्हणजे नेमका कुठला?" मी विचारलं.

"मागचा आमचा!" अनिर्बाण झटकन म्हणाला. त्याची नर्सरी. त्याला शेणखताची किंमत ठाऊक.

"पाठ माझी," नूपुर म्हणाली. दुसऱ्यांदा बोलली!

"पाय माझे. ते देवापर्यंत चालत आले." निहारकणादेवींनी ताट माझ्यासमोर ठेवलं. "राहिलं तोंड. ते तुमचं. आणि तोंडानं जे खाल्लं, ते तोंडाच्या मालकानं भरून द्यायचं. दर रविवारी, ताटभर संदेश. नोलेन गुळाचे, त्या नव्या खजुरी गुळाचे दिवस असतील तेव्हा."

ज्या मुलखातून आमच्या पूर्वजांनी चौथाई नेली, त्या मुलखानं एका पाटावर बसून ती माझ्यावर लागू केली होती. कराराला साक्षीदार एक घोडा, आणि तोही ढेकर देणारा.

टेम्पोवाला कधीच निघून गेला होता. आम्ही फाटकाबाहेर पडलो. मी पुढे, उलगडलेला फेटा काखेत. ऋता मागे, पुन्हा पुन्हा वळून बघत. बर्गी या देशात घोड्यांवरून आले होते. परत जाताना आम्ही बसस्टॉप शोधत होतो.

तेवढ्यात सिन्हांच्या शेजारच्या बंगल्यात शंख वाजला.

आम्ही दोघंही थांबलो. मागे वळून पाहिलं. सिन्हांच्या फाटकातून खंडू संथ पावलांनी बाहेर येत होता. पाठीवर नूपुर, भगव्या फेट्यात, हात उंचावून ओरडत. शेपटीला धरून अनिर्बाण. मागोमाग हातात शंख घेतलेल्या निहारकणादेवी, "ओरे, ओटा घोषालदेर बाडी!" असं आक्रंदत. अरे, ते घोषालांचं घर!

"आजोबा," ऋता म्हणाली, "शेजाऱ्यांचं आपण सांगितलंच नाही."

"चल लवकर."

"पण—"

"बस येतेय. पळ!"

आम्ही पळालो. बसच्या पायऱ्यांवर धापा टाकत उभे राहिलो तेव्हा घोषालांकडून किंकाळी आली, आणि पाठोपाठ भांडं पडल्याचा आवाज.

"रविवारी," ऋता म्हणाली, "दोन ताटं न्यावी लागतील."